फक्त प्रोजेस्टिनची गोळी: पहिलं पाकीट आणण्याआधी आणि आणल्यानंतर

बाळंतपणानंतर सातव्या आठवड्यात तपासणीला गेले होते. डॉक्टरबाईंनी टाके पाहिले, बीपी घेतलं आणि विचारलं, "डोकं दुखतं का कधी? दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही चमकतं का?" मला कॉलेजपासून अर्धशिशी आहे. डोकं ठणकायला लागण्याआधी वीसेक मिनिटं नजरेच्या कडेला एक नागमोडी, चकाकती रेघ सरकत जाते. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग नेहमीची गर्भनिरोधक गोळी तुमच्यासाठी नाही. आत्ता बाळ अंगावर पितंय म्हणून नाही, आणि नंतर या डोकेदुखीमुळे नाही. तुम्हाला दुसरी देते."

ती दुसरी म्हणजे प्रोजेस्टिन हे एकच हार्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी. काहीजणी तिला मिनी पिल म्हणतात. मी ती दोन वर्षं घेतली. पहिल्या तीन-चार महिन्यांत माझा इतका गोंधळ उडाला की एकदा पाकीट फेकून द्यायच्या बेतात होते. गोळीत काही खोट नव्हती. मला कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं, एवढंच. ते सगळं इथे क्रमाने लिहिते. गोळी कोणती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय सांभाळायचं, हे तुम्हाला आधीच माहीत असलं तर बरंच सोपं जातं.

१. सगळ्यात आधी गोळ्यांमधला फरक ओळखा

आपल्याकडे "ती गोळी" म्हटलं की चार-पाच वेगवेगळ्या गोळ्या एकाच पिशवीत टाकल्या जातात. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत दोन हार्मोन्स असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन आणि दुकानातली माला-डी या अशाच दोन हार्मोन्सच्या गोळ्या. त्यांच्या पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात.

आपण बोलतोय त्या गोळीत इस्ट्रोजेन अजिबात नसतं, फक्त प्रोजेस्टिन असतं, तेही थोड्या मात्रेत. जगभर वापरल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांत लेव्होनॉर्जेस्ट्रेल, नॉरएथिस्टेरॉन, नॉर्जेस्ट्रेल, डेसोजेस्ट्रेल आणि ड्रॉस्पिरेनॉन ही नावं दिसतात. डेसोजेस्ट्रेलची मात्रा ७५ मायक्रोग्रॅम असते, नॉरएथिस्टेरॉनची ०.३५ मिलिग्रॅम.

हा आकडा लक्षात ठेवायला एक कारण आहे. गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी येऊ नये म्हणून बायका जी "पाळी पुढे ढकलायची गोळी" घेतात, तिच्यातही नॉरएथिस्टेरॉनच असतं, पण ५ मिलिग्रॅम. म्हणजे चौदा पटींहून जास्त. ती चार-आठ दिवसांपुरती पाळी लांबवण्यासाठी असते, दिवस राहू नयेत म्हणून नसते. माझी एक नातेवाईक "तेच औषध आहे ना" म्हणून घरात उरलेली ती पट्टी रोज एक अशी घेत होती. असं अजिबात करू नका.

तिसरी गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, तातडीची. तिच्यात १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं आणि ती अडीअडचणीला एकदाच घ्यायची असते. हार्मोन त्याच कुळातलं, काम निराळं. ती रोजच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

आणि चौथी छाया. आशाताई अंगावर पाजणाऱ्या आयांना ही सुचवतात, त्यामुळे पुष्कळजणींना छाया म्हणजेच मिनी पिल असं वाटतं. छायात हार्मोन नसतं. तिच्यातलं औषध सेंटक्रोमन, ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलं. ती पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घेतात. चांगली गोळी आहे, पण तिचं वेळापत्रक आपल्या गोळीला लावलंत तर दिवस राहतील.

२. ही गोळी शरीरात काय करते ते समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका. पुढचे सगळे नियम इथूनच येतात.

गर्भाशयाच्या तोंडाशी एक चिकट स्राव असतो. अंडं बाहेर पडायच्या दिवसांत तो पातळ होतो, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जातो, आणि शुक्राणूंना वाट मिळते. प्रोजेस्टिनमुळे हा स्राव दाट होतो आणि ती वाट बंद होते. गोळी घेतल्यावर काही तासांत हा परिणाम सुरू होतो आणि साधारण २४ तासांनी ओसरायला लागतो. म्हणून ही गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची.

दुसरं काम बीजकोशातून अंडं बाहेर पडू न देण्याचं. इथे सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉनच्या जुन्या गोळ्या साधारण निम्म्याच वेळा अंडं थांबवतात, बाकी सगळी भिस्त त्या दाट स्रावावर. डेसोजेस्ट्रेल मात्र १०० पैकी ९७ चक्रांत अंडं बाहेर पडूच देत नाही. त्यामुळे ती घ्यायला थोडा उशीर झाला तरी खपतो, जुन्या गोळ्यांना खपत नाही.

तिसरं म्हणजे गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. पाळी कमी होते, अनियमित होते किंवा थांबते, ती यामुळे. रक्त आत साचून राहत नाही. माझ्या सासूबाईंना हीच काळजी होती, "अंगावरून गेलं नाही तर ते घाणेरडं रक्त जातं कुठे?" अस्तर तयारच झालं नाही, तर पडणार काय? एवढं सांगितल्यावर त्यांना ते पटलं.

रोज अगदी वेळेवर घेतली तर वर्षभरात १०० पैकी एकीलाही दिवस राहत नाहीत, इतकी ही गोळी भरवशाची आहे. प्रत्यक्षात माणसं विसरतात, उशीर करतात, पट्टी संपून जाते. तशा वापरात १०० पैकी साधारण ७ ते ९ जणींना वर्षभरात दिवस राहतात. हा फरक सगळा वेळेच्या सवयीचा आहे.

३. ही गोळी आपल्यासाठी आहे का, ते पाहा

इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि दूध कमी होऊ शकतं. म्हणून ज्यांना इस्ट्रोजेन चालत नाही, त्यांच्याकडे ही गोळी येते:

- बाळ अंगावर पिणाऱ्या आया. दुधातून बाळाच्या पोटात हार्मोनचा अगदी थोडा अंश जातो आणि त्याने बाळाच्या वाढीवर परिणाम होत नाही. दोन हार्मोन्सची गोळी मात्र पाजणाऱ्या आईने पहिले ६ आठवडे घ्यायचीच नाही, आणि ६ महिने होईपर्यंत शक्यतो टाळायची.
- डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेघा, आंधळे डाग अशी पूर्वसूचना देणारी अर्धशिशी असलेल्या.
- पस्तिशीच्या पुढच्या, सिगारेट ओढणाऱ्या.
- रक्तदाब वाढलेला असलेल्या, किंवा पूर्वी कधी पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेल्या. इथे निर्णय डॉक्टरांचा.
- दोन हार्मोन्सच्या गोळीने मळमळ, छाती जड होणं असा त्रास ज्यांना सोसला नाही त्या.

आणि ज्यांनी घेऊ नये त्या. स्तनाचा कर्करोग असेल तर ही गोळी नाही, पूर्वी होऊन गेला असेल तरी सहसा नाही. यकृताचा गंभीर आजार किंवा यकृतात गाठ असेल, आत्ता शिरेत गुठळीचे उपचार चालू असतील, तर डॉक्टर बहुधा दुसरा उपाय सुचवतील. कारण न कळता अंगावरून जात असेल, तर आधी त्याचा शोध लावायचा, गोळीचं नंतर.

औषधांबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे याला महत्त्व आहे. टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन ही गोळी निष्प्रभ करतं. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, टोपिरामेट ही औषधंही करतात, आणि एचआयव्हीवरची काही. यकृत ते हार्मोन नेहमीपेक्षा लवकर मोडून टाकतं. ती औषधं बंद केल्यावरही जवळजवळ ४ आठवडे हा परिणाम राहतो. टीबीची औषधं चालू असतील आणि संकोचाने ती गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांपासून लपवली असेल, तर कृपा करून सांगा. सर्दी-खोकल्याला, लघवीच्या जळजळीला दिलेल्या नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी काही बिघडत नाही.

एक समज मात्र सगळ्या घरांत ऐकू येतो. "बाळ अंगावर पितंय तोवर दिवस राहत नाहीत." हे तीन अटींवर खरं आहे: बाळ ६ महिन्यांच्या आतलं हवं, दिवसरात्र फक्त आईचंच दूध हवं, आणि पाळी परत आलेली नको. तिन्ही पाळल्या तर १०० पैकी ९८ जणींना संरक्षण मिळतं. रात्रीची एक बाटली सुरू केली, वरचं अन्न दिलं, की हिशेब मोडला. शिवाय बाळंतपणानंतरचं पहिलं अंडं पहिल्या पाळीच्या आधीच बाहेर पडू शकतं. म्हणजे पाळीची वाट बघत बसलात तर तिच्याऐवजी दिवसच राहू शकतात.

४. डॉक्टरकडे जाताना

- बाळंतपणाचा डिस्चार्ज कार्ड आणि तारीख
- चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक काढे-चूर्णं धरून (नुसतं नाव सांगू नका, पट्टी दाखवा)
- शेवटच्या पाळीची तारीख
- बीपी, डोकेदुखी, कावीळ, गुठळी, घरात कुणाला स्तनाचा कर्करोग, याची टिपण केलेली माहिती

बीपी मोजतील. एरवी या गोळीसाठी रक्ताच्या मोठ्या तपासण्या किंवा आतून तपासणी लागतेच असं नाही. दिवस गेल्याची शंका असेल तर लघवीची चाचणी करून घेतात. ड्रॉस्पिरेनॉनची गोळी देणार असतील तर मूत्रपिंडाचा त्रास आणि बीपीची औषधं जरूर सांगा, कारण त्या गोळीने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

निघण्याआधी तीन प्रश्न विचारून उत्तरं चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या: हिच्यात कोणतं प्रोजेस्टिन आहे? उशीर किती तास चालतो? आणि ती जवळच्या दुकानात मिळते का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण मला पहिल्या महिन्यात तीन दुकानं पालथी घालावी लागली, आणि चूकही तिथेच झाली.

५. दुकानातच पाकीट वाचा

माझ्या चिठ्ठीवर होतं, "डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम". तिसऱ्या दुकानातल्या मुलाने नाव वाचलं, ड्रॉवर उघडला आणि एक पाकीट पुढे सरकवलं. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत डेसोजेस्ट्रेल. मी पैसे दिले. रात्री बाळाला पाजता पाजता पाकीट उलटं केलं, तर मागच्या बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. पहिली, डेसोजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम. दुसरी, इथिनिल एस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. ती दुसरी ओळ म्हणजे इस्ट्रोजेन. जी गोळी मला कधीच घ्यायची नव्हती, नेमकी तीच हातात होती. मोबाइलच्या उजेडात ती ओळ मी तीनदा वाचली.

म्हणून गल्ल्यावरून हलण्याआधी:

- पाकिटाच्या मागचा घटकांचा मजकूर वाचा. एकाच औषधाचं नाव असलं पाहिजे. "इथिनिल एस्ट्राडिओल" किंवा "एस्ट्राडिओल" असा शब्द कुठेही दिसला तर ते पाकीट परत करा.
- मात्रा चिठ्ठीशी ताडून पाहा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये फसू नका. ०.०७५ मिलिग्रॅम म्हणजेच ७५ मायक्रोग्रॅम.
- गोळ्या मोजून खात्री होत नाही. या गोळीच्या पट्टीत बहुधा २८ असतात, पण माला-डीतही २८च असतात.
- मुदतीची तारीख पाहा आणि जमल्यास दोन पट्ट्या एकदम घ्या. ही गोळी सगळीकडे सहज मिळत नाही, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये एक दिवसही खंड चालत नाही.

इंग्लंडमध्ये असलेल्या मैत्रिणींसाठी: तिथे जुलै २०२१ पासून डेसोजेस्ट्रेलची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, फार्मासिस्टशी बोलून मिळते. अमेरिकेत १३ जुलै २०२३ रोजी नॉर्जेस्ट्रेलची गोळी विनाचिठ्ठी विकायला परवानगी मिळाली, ओपिल या नावाने. इथे डेसोजेस्ट्रेल घेणाऱ्या कुणी तिथे गेल्यावर ओपिल घेतली, तर उशिराची मुभा १२ तासांवरून ३ तासांवर येते. हे फार सहज विसरलं जातं.

६. कधी सुरू करायची

पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू केली तर लगेच संरक्षण मिळतं. एरवी कोणत्याही दिवशी सुरू करता येते, फक्त दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी आणि पहिले २ दिवस निरोध वापरायचा. ड्रॉस्पिरेनॉनचा नियम वेगळा: पाळीच्या पहिल्याच दिवशी, नाहीतर ७ दिवस निरोध.

बाळंतपणानंतर २१ दिवसांच्या आत सुरू केली तर निरोधाची गरज नसते. अंगावर पाजणाऱ्या आईला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या निकषांप्रमाणे ६ आठवडे व्हायच्या आधीही ही गोळी चालते. आपल्याकडे बरेच डॉक्टर सहाव्या आठवड्याच्या तपासणीला देतात. मधल्या काळाचं काय, हे दवाखान्यातून सुटतानाच विचारून ठेवा. गर्भपातानंतर ५ दिवसांच्या आत लगेच सुरू करता येते.

७. वेळ बांधून घ्या

माझं पहिल्या महिन्यात हेच चुकलं. "सकाळी चहाबरोबर" असं ठरवलं होतं. तान्हं बाळ घरात असताना सकाळचा चहा कधी साडेसहाला, कधी अकराला. दोनदा गोळी दुपारी आठवली.

मग मी रोज न चुकता होणारं काम शोधलं. आमच्याकडे रात्री साडेनऊला दूध कोमट झालं की मी विरजण लावते. बाळ रडत असो, पाहुणे असोत, दही तर लागतंच. पट्टी विरजणाच्या सटाशेजारी, वरच्या फळीवर ठेवली, लहान हाताला लागणार नाही अशी. सटावर झाकण ठेवायचं आणि गोळी घ्यायची. जोडीला मोबाइलमध्ये ९:३० चा गजर, आणि दुसरा १०:१५ चा, पहिला बंद करून पुन्हा झोपी गेले तर म्हणून. नवऱ्यालाही सांगून ठेवलं होतं. ही आठवण ठेवणं दोघांचं काम आहे, एकटीचं नाही.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी, ज्या मला कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या:

पट्टी संपली की दुसऱ्याच दिवशी नवी सुरू. ७ दिवसांची सुट्टी नाही, पाळी आली म्हणून थांबणं नाही. आधी माला-डी घेतलेल्या बायका हमखास इथे चुकतात. अपवाद ड्रॉस्पिरेनॉनचा. तिच्या २८ गोळ्यांतल्या शेवटच्या ४ रिकाम्या असतात, पण त्याही क्रमाने घ्यायच्या.

नवरा गावाला गेला, कामावर बाहेर आहे, म्हणून गोळी बंद ठेवायची नाही. तो यायच्या दिवशी सुरू करून उपयोग नाही.

उपास असला तरी गोळी चालते. पाण्याबरोबर घेतली की झालं, पोटात अन्न असायला हवं असं नाही. एकादशीला एक गोळी सोडली आणि नंतर आठ दिवस जीव टांगणीला लागला, असं माझ्या शेजारणीचं झालं.

परदेशी प्रवासात घड्याळ बदलतं, शरीर बदलत नाही. पुण्याचे रात्रीचे ९:३० म्हणजे लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे ४. तिथे पोचल्यावर रात्री ९:३० ला घेतलीत तर साडेपाच तास उशीर झाला. वेळेआधी घेतली तर काही बिघडत नाही, उशीर बाधतो. बसल्या जागी २४ तास मोजा आणि त्याच्या आत घ्या.

८. उशीर झाला किंवा चुकली तर

नेहमीच्या वेळेपासून मोजायचं:

- लेव्होनॉर्जेस्ट्रेल, नॉरएथिस्टेरॉन, नॉर्जेस्ट्रेल: ३ तासांपेक्षा जास्त उशीर म्हणजे चुकली.
- डेसोजेस्ट्रेल: १२ तासांपेक्षा जास्त.
- ड्रॉस्पिरेनॉन: २४ तास किंवा जास्त.

आठवेल त्या क्षणी गोळी घ्या. पुढची तिच्या नेहमीच्या वेळीच घ्या, मग एका दिवसात दोन झाल्या तरी हरकत नाही. दोन-तीन दिवस चुकल्या असतील तरी मागच्या सगळ्या एकदम खाऊ नका, एकच घ्या. त्यानंतर २ दिवस निरोध वापरा, कारण स्राव पुन्हा पुरता दाट व्हायला ४८ तास लागतात. ड्रॉस्पिरेनॉनला ७ दिवस. डेसोजेस्ट्रेलच्या काही पाकिटांतल्या माहितीपत्रकातही ७ दिवस लिहिलेले असतात. तसं असेल तर ७च धरा.

गोळी चुकल्यावर, किंवा नंतरच्या त्या २ दिवसांत, निरोधाशिवाय संबंध आला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात तातडीच्या गोळीबद्दल विचारा. ती जितकी लवकर, तितका उपयोग जास्त.

गोळी घेतल्यावर ३-४ तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं समजून दुसरी घ्या. जोराचे जुलाब दिवसभर थांबले नाहीत तर गोळ्या चुकल्यासारखं धरून निरोध वापरा.

९. पहिल्या महिन्यांतल्या डागांना घाबरू नका

पाकीट फेकायच्या बेतात होते ते इथे. तिसऱ्या आठवड्यात डाग लागायला लागले. तपकिरी, थोडेसे, पण रोज. अकरा दिवस. मग चार दिवस काही नाही, मग पुन्हा. रात्री दोन वाजता बाळाला पाजून उठायचं आणि आधी कपडे तपासायचे, असं चाललं होतं. वाटलं, गोळी लागू पडत नाही. फोन केला तेव्हा बाई म्हणाल्या, "वेळेवर घेताय ना? मग ती काम करतेय. डाग लागणं म्हणजे गोळी फसणं नव्हे."

हे वाक्य मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर कितीतरी रात्री निवांत झोपले असते. म्हणून तुम्हाला आधीच सांगते. या गोळीने पाळीचं वेळापत्रक बदलतंच. डेसोजेस्ट्रेल वर्षभर घेतल्यावर साधारण १० पैकी ५ जणींची पाळी थांबते किंवा अगदी क्वचित येते, ४ जणींना थोडीफार नेहमीसारखी येते, आणि एखादीला वारंवार डाग लागत राहतात. पहिले ३ महिने सगळ्यात अनिश्चित. कॅलेंडरवर खूण करत जा: डागाला टिंब, पाळीसारखं गेलं तर फुली. माझ्या कॅलेंडरवर चौथ्या महिन्यापासून टिंबं विरळ झाली आणि सातव्यापासून पान कोरं. ते कोरं पान पाहून आधी धसका बसला, म्हणून लघवीची चाचणी केली. ती निगेटिव्ह आली, मग शांत झाले. गोळी वेळेवर घेत असाल तर पाळी न येणं हा या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे. गोळ्या चुकल्या असतील, मळमळ वाटत असेल, तर मात्र चाचणी करा.

काहीजणींना डोकं दुखतं, छाती दुखरी होते, पुरळ येतं, मन उदास होतं. बरंचसं दोन-तीन महिन्यांत निवळतं. मन खचल्यासारखं वाटत राहिलं, विशेषतः बाळंतपणानंतर, तर ते गोळीवर ढकलून सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा. सोनोग्राफीत बीजकोशात पाण्याची लहान गाठ दिसू शकते. या गोळीने अशा गाठी होतात आणि बहुतेक आपोआप विरतात.

१०. या वेळी मात्र थांबू नका

ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाशी दुखणं: ताबडतोब दवाखाना गाठा. या गोळीने एकूणच दिवस राहणं कमी होतं, पण क्वचित राहिलेच, तर गर्भ नळीत रुजलेला असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. "पाळी तर येतच नाही, मग दिवस कसे राहतील" या भ्रमात राहू नका.

चकाकत्या रेघांची अर्धशिशी गोळी सुरू केल्यावर पहिल्यांदाच झाली, किंवा आधीची खूप वाढली, तर गोळी चालू ठेवायची का ते डॉक्टरांना विचारा. एका पायाला सूज आणि दुखणं, छातीत दुखून धाप लागणं, कावीळ, स्तनात गाठ लागणं, दर तासाला पॅड भिजेल इतकं जाणं, यांतलं काहीही झालं तर वाट बघायची नाही.

गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही. तशी शंका असेल तर निरोध गोळीच्या जोडीला हवाच.

११. बंद करायची असेल तेव्हा

कधीही बंद करता येते, पट्टी संपायची वाट बघायला नको. पाळी आणि दिवस राहण्याची क्षमता लगेच परत येते. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सोडल्यावर जसे काही महिने जातात, तसं इथे होत नाही. म्हणजे मूल हवं असेल तर थांबायला नको, आणि नको असेल तर गोळी सोडायच्या आधीच दुसरा उपाय तयार हवा.

वेळ पाळणं जमतच नसेल, शिफ्टची नोकरी असेल, रोज गोळी घेणंच नको वाटत असेल, तर तांबी, अंतरा आणि छाया प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात आणि तिन्हींत इस्ट्रोजेन नाही. मी दोन वर्षांनी तांबीवर गेले. ती बसवल्यावर लगेच काम सुरू करते, तरीही मी बसवून घेईपर्यंत गोळी चालू ठेवली होती, आणि शेवटची गोळी त्याच दिवशी रात्री साडेनऊला घेतली.